जातीचे जनुकीय वाचन : सव्वाशे वर्षांच्या वादाचा आढावा

सप्टेंबर २०१९ मध्ये दक्षिण आशियाच्या प्राचीन डीएनएवरचे दोन शोधनिबंध एकाच वेळी प्रसिद्ध झाले, एक 'सेल'मध्ये आणि दुसरा 'सायन्स'मध्ये. पहिल्यात हरियाणातील राखीगढीच्या दफनभूमीत सापडलेल्या एका स्त्रीचा जनुकसंच होता, दुसऱ्यात मध्य आणि दक्षिण आशियातील ५२३ प्राचीन व्यक्तींचा. दोन्हींच्या लेखकांत बरीच नावे समाईक होती आणि निष्कर्षही एकमेकांना पूरक होते. सिंधू संस्कृतीतल्या त्या स्त्रीत युरेशियाच्या गवताळ प्रदेशातील पशुपालकांचा अंश आढळत नाही. पुढे इसवी सनपूर्व २००० ते १५०० या काळात तो अंश उपखंडात येताना दिसतो. तरीही पाठोपाठ दोन उलट्या बातम्या छापून आल्या. एकीनुसार आर्यांच्या आगमनाचा सिद्धांत मोडीत निघाला होता, दुसरीनुसार तो सिद्ध झाला होता. राखीगढीच्या उत्खननाचे प्रमुख, पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांनी पत्रकार परिषदेत पहिला अर्थ ठासून मांडला. त्यांच्याच सहलेखकांपैकी काहींनी दुसऱ्या अर्थाकडे झुकणारी मांडणी केली. आकडे तेच, लेखकही बहुतांशी तेच.

आनुवंशिकीच्या पुराव्याचा अर्थ सामाजिक परिस्थितीने ठरतो, हे विधान आता अनेकांना मान्य आहे. पण 'ठरतो' म्हणजे नेमके काय, यावर एकमत नाही. काहींच्या मते विज्ञान आपले काम चोख करते आणि समाज नंतर त्याचा विपर्यास करतो. काहींच्या मते गट कोणते निवडायचे, त्यांना नाव काय द्यायचे, तुलना कशाशी करायची, इथेच समाज प्रयोगशाळेत शिरलेला असतो. हा वाद जगभर वंशाच्या संदर्भात झाला. भारतात तो जातीच्या संदर्भात झाला, आणि त्यामुळे त्याला एक वेगळे वळण मिळाले. ज्या गटांची इथे तुलना होते ते गटच बेटीव्यवहाराच्या नियमांनी घडलेले आहेत. म्हणजे समाज आधी जनुकांवर आपली खूण उमटवतो आणि नंतर तीच खूण निसर्गाची म्हणून वाचतो. या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवल्या तर वादातला बराचसा गुंता सुटतो, असे मला वाटते. पुढचा आढावा त्याच दृष्टीने घेतला आहे.

नाकाचे माप

सुरुवात करावी लागते हर्बर्ट रिस्ले या सनदी अधिकाऱ्यापासून. १८९१ मध्ये त्याने बंगालच्या जाती-जमातींवरचे खंड प्रसिद्ध केले आणि १९०१ च्या जनगणनेचा तो आयुक्त झाला. नाकाची रुंदी आणि उंची यांच्या गुणोत्तराला नासिकानिर्देशांक म्हणतात. जातीचा सामाजिक दर्जा या निर्देशांकाच्या उलट प्रमाणात बदलतो, म्हणजे नाक जितके रुंद तितका दर्जा खाली, असा रिस्लेचा दावा होता. त्यामागे एक इतिहास गृहीत धरलेला होता: गोरे आर्य आले, त्यांनी मूळ रहिवाशांना जिंकले आणि रक्त शुद्ध राखण्यासाठी जात निर्माण केली. लक्षात घ्यायचे ते असे की दर्जाची उतरंड रिस्लेने मापांतून शोधली नव्हती. ती त्याने समाजाकडूनच, मुख्यतः वरच्या जातींतील माहीतगारांकडून घेतली आणि मापे तिच्याशेजारी मांडली.

मुंबई विद्यापीठातील गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात उपलब्ध मापे पुन्हा तपासली. उत्तर हिंदुस्थानच्या पट्ट्यात दर्जा आणि नाक यांचा काही संबंध दिसतो, मुंबई इलाख्यासह इतरत्र तो टिकत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे पाऊल आणखी पुढे नेले. १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये त्यांनी म्हटले होते की पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार एकाच वंशाचे आहेत. जात ही एकाच वंशातल्या लोकांची केलेली सामाजिक विभागणी आहे. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात तर त्यांनी नासिकानिर्देशांकाचेच आकडे वापरून अस्पृश्यतेचा वांशिक सिद्धांत नाकारला. ज्या मोजपट्टीवर रिस्लेने उतरंड उभारली होती, तीच इथे तिच्याविरुद्ध साक्षीला आली.

महाराष्ट्रात हा प्रश्न मापांच्या आधीच तापला होता. १८७३ च्या 'गुलामगिरी'त जोतीराव फुल्यांनी बाहेरून आलेल्या आर्यांची गोष्ट जेत्यांच्या अत्याचाराची आणि बळीराजाच्या पराभवाची म्हणून सांगितली. तीस वर्षांनी लोकमान्य टिळकांनी आर्यांचे मूळ उत्तर ध्रुवाजवळ शोधले आणि त्या पुरातनतेत अभिमानाचे कारण पाहिले. स्थलांतर दोघांनाही मान्य होते, अर्थ मात्र पूर्ण विरुद्ध. आंबेडकरांनी १९४६ च्या शूद्रांवरील ग्रंथात तो सिद्धांतच फेटाळला, कारण त्यांच्या मते वैदिक पुराव्यात त्याला आधार नव्हता. एकच प्रतिपादन पुरोगामी किंवा प्रतिगामी असे कायमचे ठरत नाही, हे या तीन नावांवरून दिसते. आज 'स्थलांतर मानणारे अमुक बाजूचे' असा सरधोपट हिशेब करणाऱ्यांनी हा इतिहास डोळ्यांआड केलेला असतो.

सुप्रजननाचा काळ

फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८३ मध्ये सुप्रजननाच्या कल्पनेला नाव दिले आणि पुढच्या पन्नास वर्षांत ती जगभर पसरली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये सक्तीचे निर्बीजीकरण वैध ठरवले. जर्मनीने १९३३ मध्ये त्याचा कायदा केला. मराठीत या विचाराच्या दोन धारा एकाच वेळी वाहत होत्या. ना. सी. फडके यांनी १९२७ मध्ये सुप्रजननाच्या चळवळीची बाजू मांडणारे इंग्रजी पुस्तक लिहिले, त्याला मार्गारेट सँगर यांची प्रस्तावना होती. त्यांचा रोख संततिनियमन आणि विवाहसुधारणेकडे होता. गो. म. जोशी यांच्या 'हिंदूंचे समाजरचनाशास्त्र' या ग्रंथाने मात्र त्याच शास्त्राचा आधार जातिव्यवस्थेच्या समर्थनासाठी घेतला. पु. ग. सहस्रबुद्धे यांनी 'विज्ञानप्रणीत समाजरचना'मध्ये आनुवंशावर आधारलेल्या जातिसमर्थनाची चिकित्सा केली. आंबेडकरांचे उत्तर अधिक रोखठोक होते: जातीने वंश सुधारला असता तर त्याचे फळ देशातल्या माणसांच्या देहयष्टीत दिसायला हवे होते. या वादात मेंडेलचे नियम कोणी नाकारत नव्हते. वाद होता तो जात हा आनुवंशिक गुणांचा गट मानायचा की नाही, यावर. आणि त्या प्रश्नाचे उत्तर मेंडेलच्या वाटाण्यांत नव्हते.

इरावती कर्वे यांचे काम

या आढाव्यात इरावती कर्वे यांच्यापाशी थांबावे लागते. १९२७ नंतर त्या बर्लिनमध्ये ऑयगन फिशर यांच्या हाताखाली डॉक्टरेटसाठी काम करत होत्या. फिशर हे जर्मन सुप्रजननशास्त्राचे एक प्रमुख नाव. कवटीच्या असममितीचा वंशाशी संबंध असावा, अशी त्यांची अपेक्षा होती. कर्वे यांनी १४९ कवट्या मोजल्या आणि असा संबंध दिसत नसल्याचे लिहिले. पुढे डेक्कन कॉलेजात त्यांनी तीच मापनपद्धती वापरली, पण प्रश्न बदलला. वि. म. दांडेकर यांच्यासह केलेले महाराष्ट्राचे मानवमितीय सर्वेक्षण १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. १९६८ मध्ये कैलाश मल्होत्रा यांच्यासह त्यांनी 'करंट अँथ्रॉपॉलॉजी'त जो निबंध लिहिला, त्यात महाराष्ट्रातील एकाच दर्जाच्या आठ अंतर्विवाही ब्राह्मण जातींची जैविक तुलना होती.

त्या निबंधाचे महत्त्व रचनेत आहे. एका मोठ्या जातीच्या पोटजाती म्हणजे मूळ एकच गट फुटून झालेले तुकडे, असा प्रचलित समज होता. तसे असते तर आठही गट एकमेकांच्या जवळ आणि इतरांपासून दूर दिसले असते. प्रत्यक्षात त्यांच्यात लक्षणीय अंतरे निघाली. कर्वे यांनी यावरून असा तर्क केला की 'ब्राह्मण' हा जातींचा समूह आहे: वेगवेगळ्या मुळांचे, आपापसातच लग्ने करणारे गट एका सामाजिक दर्जाच्या नावाखाली एकत्र आलेले. दर्जा आणि जैविक नाते या दोन गोष्टी सुट्या करण्याचा हा आपल्याकडचा पहिला काळजीपूर्वक प्रयत्न म्हणता येईल. त्यावर आक्षेपही आहेत. जात हेच मापनाचे एकक धरल्याने तिला एक नैसर्गिक लोकसमूह असल्याचे रूप आपोआप मिळते, आणि बर्लिनमध्ये शिकलेली पद्धत निष्कर्ष बदलला तरी चौकट तशीच ठेवते, असे अलीकडच्या विज्ञानेतिहासकारांचे म्हणणे आहे. आक्षेपात तथ्य आहे. पण एकक म्हणून सरसकट 'ब्राह्मण' न घेता प्रत्यक्ष लग्नसंबंधांचे वर्तुळ घेतल्यामुळेच ती उतरंड डळमळली, हेही तितकेच खरे.

जीनोमचा काळ

जनुकसंचाच्या अभ्यासाने हा वाद मिटेल अशी आशा होती. २००१ मध्ये आंध्रच्या काही जातींवरच्या अभ्यासाने वरच्या जाती युरोपीयांच्या अधिक जवळ असल्याचे म्हटले. २००६ च्या एका अभ्यासाने भारतीय पुरुषवंशरेषा मुख्यतः इथल्याच असल्याचे म्हटले. २००९ मध्ये हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजीचे लालजी सिंग आणि कुमारसामी थंगराज यांनी हार्वर्डच्या डेव्हिड राइश यांच्या गटासह २५ गटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बहुतेक भारतीय दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून आले आहेत, हा त्याचा निष्कर्ष. त्या दोन समूहांची नावे कशी पडली, हे राइश यांनी २०१८ च्या पुस्तकात मोकळेपणाने सांगितले आहे. त्यांच्या गटाला एका समूहाचे वर्णन पश्चिम युरेशियाशी जोडून करायचे होते. हैदराबादच्या सहकाऱ्यांनी त्याला हरकत घेतली. स्थलांतराची दिशा अजून सिद्ध नाही हे एक कारण, आणि भारतात याचे पडसाद काय उमटतील हे दुसरे. शेवटी 'पूर्वज उत्तर भारतीय' आणि 'पूर्वज दक्षिण भारतीय' ही नावे ठरली. समाजाच्या दबावाखाली विज्ञान झुकले, असे यावर म्हणता येईल. मला ते अपुरे वाटते, कारण 'पश्चिम युरेशियन' हे नावही आजच्या नकाशावरून मागे जाऊन दिलेले होते. कोणतेही नाव निःसंदर्भ नव्हते. आकडेवारी मात्र दोन्ही नावांखाली तीच राहिली.

२०१३ मध्ये ७३ गटांच्या अभ्यासातून दिसले की सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी हे मिश्रण सर्वदूर चालू होते. भिल्लांसारखे एकाकी मानले गेलेले समाजही त्यातून सुटले नाहीत. त्यानंतर ते थांबत गेले आणि अंतर्विवाह घट्ट झाला. २०१६ मध्ये पार्थ मजुमदार आणि सहकाऱ्यांनी हा बदल सुमारे ७० पिढ्यांपूर्वीचा, म्हणजे १५७५ वर्षांपूर्वीचा ठरवला आणि त्याची सांगड गुप्तकाळाशी घातली. इथे थोडा हिशेब करण्यासारखा आहे. या गणितात पिढी साडेबावीस वर्षांची धरली आहे. इतर अनेक अभ्यासांप्रमाणे ती २९ वर्षांची धरली, तर त्याच ७० पिढ्यांची २०३० वर्षे होतात आणि आपण गुप्तांकडून सातवाहनांच्या काळात पोचतो. जनुके पिढ्या सांगतात. वर्षे आणि राजवंश संशोधकाला जोडावे लागतात. धर्मशास्त्राच्या ग्रंथांशी तारीख जुळली म्हणून कारण सापडले, असे मानण्याची घाई त्यामुळे टाळायला हवी.

आज स्थिती काय आहे? गवताळ प्रदेशातून आलेल्या अंशाबद्दल बहुतेक जनुकशास्त्रज्ञांत आता फारसा मतभेद नाही. हा अंश पौरोहित्याची परंपरा असलेल्या काही गटांत, विशेषतः उत्तर भारतात, अपेक्षेपेक्षा जास्त आहे, हेही २०१९ च्या 'सायन्स'मधील निबंधात नोंदले आहे. त्याच वेळी वायव्येकडील रोर आणि जाट यांच्यात तो ठळक आहे, आणि त्यांचा धंदा पौरोहित्याचा नाही. राखीगढीत डीएनए मिळवण्यासाठी ६१ नमुने तपासले गेले, वाचता आला तो एकच. एका व्यक्तीवरून एका महानगराबद्दल किती बोलावे, हा प्रश्न दोन्ही बाजूंना सारखाच लागू आहे.

तीन भूमिका

या साऱ्या सामग्रीवर सध्या ढोबळमानाने तीन भूमिका घेतल्या जातात. पहिली वास्तववादी म्हणता येईल: गटांतले जनुकीय फरक खरे आहेत, ते मोजावेत आणि समाज काय म्हणेल याची चिंता संशोधकाने करू नये. दुसरी चिकित्सक समाजशास्त्रज्ञांची: जात हे एकक वापरणे म्हणजेच जातीला निसर्गाचे प्रमाणपत्र देणे. तिसरी यांच्या मधली: गट वापरावेत, पण ते विवाहाच्या इतिहासाचे माग म्हणून.

मला तिसरी भूमिका सर्वांत टिकाऊ वाटते, मात्र तिच्यावरचे आक्षेप हलके नाहीत. पहिला आक्षेप असा की डीएनएवरून दोन जाती ओळखू येत असतील तर जात जैविक नाही असे कसे म्हणायचे? उत्तर फरकाच्या स्वरूपात आहे. शतकानुशतके आपापसातच लग्ने केली की कोणताही गट वेगळा ओळखू येतो, त्याला कोणत्याही विशेष गुणाची गरज नसते. छोट्या गटात निव्वळ योगायोगाने काही जनुकरूपे वाढतात, काही नाहीशी होतात. ओळखता येणे आणि गुणांत भिन्न असणे यांत मोठे अंतर आहे. रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ मध्ये दाखवले की मानवी जनुकीय विविधतेचा सुमारे ८५ टक्के भाग एकेका लोकसमूहाच्या आतच असतो. २००३ मध्ये ए. डब्ल्यू. एफ. एडवर्ड्स यांनी त्यावर बोट ठेवले: अनेक स्थाने एकत्र पाहिली तर गट ओळखता येतात. दोघेही बरोबर आहेत, कारण दोघे वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत होते. दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो: अर्थ संदर्भाने ठरतो असे म्हटले की मग कोणताही अर्थ चालेल. तसे होत नाही. रिस्लेचा दावा घुर्ये यांनी आकड्यांवरच तपासला, फिशर यांची अपेक्षा कवट्यांनीच फोल ठरवली. पुरावा अर्थ एकटा ठरवत नसला तरी काही अर्थ तो कायमचे बाद करतो.

आजाराच्या संदर्भात

हाच प्रश्न वैद्यकात आला की त्याचा सूर बदलतो. २०१७ मध्ये दक्षिण आशियातील २६३ गटांच्या अभ्यासात ८१ गटांवर थोड्या मूळ पूर्वजांचा परिणाम फिनलंडच्या लोकांपेक्षा किंवा अश्केनाझी ज्यूंपेक्षाही जास्त दिसला. आंध्रच्या वैश्य समाजात भूल देण्याच्या काही औषधांना जिवावर बेतू शकणारी प्रतिक्रिया येते, ती यातूनच समजते. इथे गटाचे नाव घेणे उपकारक आहे, टाळणे घातक. पण सिकलसेल या रक्तविकाराची कहाणी दुसरी बाजूही दाखवते. अमेरिकेत हा दीर्घकाळ कृष्णवर्णीयांचा आजार मानला गेला. १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत तो सापडला, तेव्हा हर्मन लेहमान यांनी तो एका प्राचीन वंशाचा माग म्हणून वाचला. १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी हा दोष आई-वडिलांपैकी एकाकडूनच आला असल्यास मलेरियापासून संरक्षण देतो हे दाखवले, आणि वंशाच्या जागी डास आणि भूगोल आले. महाराष्ट्रात नंदुरबार, गडचिरोलीच्या आदिवासींबरोबर विदर्भातल्या दलित समाजांतही तो आढळतो. 'आदिवासींचा आजार' म्हटल्याने दुसऱ्या गटातले निदान लांबू शकते. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले. निव्वळ वाहक असलेल्या निरोगी मुलीच्या लग्नाचे या माहितीने काय होते, हा प्रश्न प्रयोगशाळेबाहेरचा. पण अभियानाचे यश त्यावरही अवलंबून आहे.

काय सुटलेले नाही

सर्वांत अवघड क्षेत्र बुद्धी आणि शिक्षणाचे आहे. एखाद्या गुणातील फरकांपैकी किती हिस्सा जनुकीय फरकांमुळे, याचे प्रमाण काढता येते. परंतु ते प्रमाण त्या लोकसमूहापुरते आणि त्या परिस्थितीपुरतेच असते. २००३ मध्ये एरिक टर्कहायमर आणि सहकाऱ्यांना अमेरिकेतील गरीब घरांतल्या सात वर्षांच्या जुळ्यांत हा हिस्सा जवळजवळ शून्य आढळला, सधन घरांत मोठा. २०१६ च्या एका एकत्रित विश्लेषणात हा फरक अमेरिकेत दिसला, पश्चिम युरोप आणि ऑस्ट्रेलियात नाही. म्हणजे आनुवंशिकतेचा आकडासुद्धा कल्याणकारी व्यवस्थेनुसार हलतो, ही शक्यता गांभीर्याने घ्यावी लागते. शिक्षणावरचा सर्वांत मोठा जनुकीय अभ्यास २०२२ मध्ये सुमारे ३० लाख लोकांवर झाला, ते सारे युरोपीय वंशाचे होते. त्यातून निघणारे गुणांक इतर लोकसमूहांत कमजोर ठरतात आणि सख्ख्या भावंडांच्या तुलनेतही बरेच घटतात. हे गुणांक उद्या भारतीय जातींच्या सरासरीवर लावले गेले तर? तांत्रिकदृष्ट्या तो निकाल अर्थहीन असेल, कारण जातीनुसार शाळा, आहार आणि जमीन इतकी बदलते की जनुक आणि परिस्थिती वेगळी काढताच येत नाहीत. तो छापून मात्र येऊ शकतो.

दुसरा अनिर्णित प्रश्न विदेच्या मालकीचा. 'जीनोम इंडिया' प्रकल्पाने दहा हजार भारतीयांचे जनुकसंच वाचले आणि जानेवारी २०२५ मध्ये ही सामग्री संशोधकांसाठी फरिदाबादच्या विदाकेंद्रात खुली करण्यात आली. अशा संग्रहांत समाजांची नावे उघड ठेवावीत की सांकेतिक? उघड ठेवली तर एखाद्या समाजातील आजाराचा शोध लवकर लागतो, आणि उतरंडीच्या नव्या मांडणीलाही माल मिळतो. सांकेतिक ठेवली तर विपर्यास अवघड होतो, पण ज्यांचे रक्त घेतले त्या समाजालाच आपल्याबद्दल काय आढळले ते कळत नाही. संमतीपत्रावर व्यक्ती सही करते, निष्कर्ष मात्र सगळ्या समाजाला चिकटतो. त्या समाजाच्या वतीने होकार किंवा नकार कोणी द्यायचा, याची कोणतीही सर्वमान्य पद्धत अजून बसलेली नाही.